त्या खेळाला कुणी खोकलं नाही

सिनेमा कसा झाला हे लोकांना विचारू नये, असं आवाजवालीचं ठाम मत होतं. लोक तोंडावर गोडच बोलतात. त्यातून विचारणारी सिनेमाच्याच माणसांपैकी असली तर समोरच्याला ‘छान झालाय’ म्हणण्यावाचून गत्यंतर नसतं. खरं काय ते लोकांचे घसे सांगतात. माणूस रमला की खोकायचं विसरतो आणि कंटाळला की त्याला कधी नव्हे तो खोकला आठवतो. एकाला आठवला की शेजारच्याला, मग त्याच्या मागच्याला. असा खोकला रांगारांगांतून फिरायला लागला की समजावं, पडद्यावरच्या माणसांचं आता काही खरं नाही.

म्हणून ज्या ज्या सिनेमाचा आवाज तिने केला, त्याच्या पहिल्या खेळाला ती मॅनेजरची परवानगी काढून शेवटच्या रांगेत बसायची, आणि पडद्याकडे न बघता मांडीवरच्या छोट्या रेकॉर्डरवर प्रेक्षकांना रेकॉर्ड करायची. दिग्दर्शकांना हा उद्योग आवडत नसे. एकाने तर तिच्याशी बोलणंच टाकलं होतं, कारण त्याच्या सर्वांत लाडक्या प्रसंगात सबंध थिएटर खोकत होतं आणि ते तिने त्याला हेडफोन लावून ऐकवलं होतं. कुठे थांबावं हे तिला कळत नसे, हा तिचा दोष. पण रेकॉर्डर खोटं बोलत नव्हता.

या वेळचा सिनेमा घरचाच होता, धाकट्या भावाने काढलेला. भावाला सगळं युनिट ‘कप्तान’ म्हणायचं, आणि या कप्तानाला पोहता येत नव्हतं. होडीत बसलं की त्याला मळमळायचं. असा माणूस भर समुद्रातला भयपट काढायला निघाला. हौसेला मोल नसतं म्हणतात ते खरं, पण कॅमेऱ्याला असतं, आणि वीस माणसांना समुद्रात नेऊन जिवंत परत आणायला तर फारच असतं. शेवटी समुद्र एका बंद पडलेल्या कारखान्याच्या पाण्याच्या टाकीत मावला. भोवतीने काळ्या ताडपत्र्या बांधल्या, लाटा करायला फळ्या घेऊन माणसं उभी केली, आणि मध्ये एक उलटलेली होडी सोडली. तिच्यावर जीव मुठीत धरून तिघं: एक नर्स, तिचा दीर आणि एक अनोळखी माणूस. किनारा दिसत नाही, प्यायचं पाणी संपत आलंय, आणि होडीखाली काहीतरी आहे. सिनेमाचं नाव ‘खालून’.

हे ‘काहीतरी’ म्हणजे काय, इथे गाडं अडलं. कप्तानाने जुन्या गाद्या, रबरी नळ्या आणि जाळी यांचं एक जनावर बनवून घेतलं होतं. जमिनीवर ते बरं दिसायचं. पाण्यात सोडल्यावर मात्र कुणीतरी धुवायला टाकलेलं अंथरूण तरंगतंय असं वाटायला लागलं. नर्स झालेली नटी हसता हसता होडीवरून पाण्यात पडली. कप्तान त्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी तो बहिणीच्या कामाच्या खोलीत येऊन बसला.

“ताई, जनावर रद्द,” तो म्हणाला. “ते दिसणार नाही, नुसतं ऐकू येईल. होडीच्या तळाला खालून काहीतरी वाजतंय, एवढंच.”

“काय वाजतंय?”

“ते मला माहीत असतं तर तुझ्याकडे कशाला आलो असतो?”

नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणायचं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्याचं उतरलेलं तोंड बघून ती कामाला लागली. पिंप, पातेली, दारं, गाडीचा टप, हाताला लागेल ते तिने वाजवून पाहिलं. आवाज सगळ्यांचा यायचा, भीती कशाचीच वाटायची नाही. पिंप वाजवलं की पिंप वाजल्यासारखं वाटायचं. हात टेकायची वेळ आली होती, आणि अशात आतल्या खोलीतून आईने बोलावलं.

आई बोलावायची म्हणजे वाजवायची. जन्मभर तिने शाळेत शिकवलं होतं. वर्ग कितीही उधळलेला असो, ती ओरडत नसे. बोटातली अंगठी टेबलावर एकदा वाजवायची आणि थांबायची. तिच्या हाताखालून गेलेली पोरं आता टकली झाली होती, तरी रस्त्यात ‘बाई’ दिसल्या की सरळ उभी राहायची. मग वर्षामागे अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. फळ्यावर लिहिणारा हात मांडीवर नुसता पडून राहिला. त्याला धरलेलंही तिला धड कळत नसे. त्या बाजूबरोबर वाचाही गेली. डाव्या हाताने लिहून बघायला गेली तर अक्षरांऐवजी रेघोट्या उमटायच्या. डोकं शाबूत, कान शाबूत, शब्द तेवढे हरवलेले. तेव्हापासून पलंगाच्या लोखंडी दांडीवर अंगठी वाजवणं हीच तिची हाक होती. एकदा वाजवायची, थांबायची, मग पुन्हा एकदा.

आवाजवाली हेडफोन काढून उठली आणि दारात थबकली. वर्षभर ती हा आवाज ऐकत होती आणि दर वेळी तिच्या काळजात धस्स होत होतं. का होत होतं ते तिला त्या क्षणी कळलं. वाजवणाऱ्याला काहीतरी हवं आहे, फार हवं आहे, आणि काय ते त्याला सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी बहीणभावांनी होडीचा एक कापलेला तुकडा आणून आईच्या पलंगावर आडवा ठेवला. गृहपाठ न करता आलेल्या पोरांकडे बघावं तसं तिने दोघांकडे बघितलं. कप्तानाने गोष्ट सांगितली. सांगताना तो स्वतःच घाबरला, हे त्यातल्या त्यात बरं. आईने विचार करून अंगठी एकदा वाजवली. आवाजवाली म्हणाली, “मस्त. मिळालं.” आईने नाही म्हणून मान हलवली. बोट पुढे करून अंगठी काढायला लावली आणि नुसत्या पेराने वाजवलं. हाडाचा आवाज. बोथट, ओला, जिवंत माणसाचा.

कप्तानाच्या अंगावर काटा आला. त्याने बाही वर करून दाखवला.

पण बाई आता थांबायला तयार नव्हत्या. एक वाजवलं की दुसऱ्याच्या आधी किती थांबायचं हे तिचं तिने ठरवलं, मनासारखं झालं नाही की तुकड्यावर हात फिरवून पुसून टाकल्यासारखं करायची आणि पुन्हा सुरू. कप्तान म्हणाला, “आई, बास, झालं.” तिने त्याला बोटाने गप्प केलं. शेवटचा टेक झाला तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता आणि अर्ध्या तोंडावर हसू. त्या दिवशी ती पोटभर जेवली. ती दुपार फार सुंदर गेली, आजारपण आल्यापासूनची सगळ्यांत सुंदर.

मग सिनेमाचं बाकीचं काम चालू असताना शाळेतल्या दोन जुन्या शिक्षिका आईला भेटायला आल्या. माणसं वाईट नव्हती. पलंगाच्या दोन बाजूंना बसल्या आणि आईच्या अंगावरून एकमेकींशी बोलत राहिल्या.

“काय दरारा होता हो बाईंचा.”

“आणि आता बघा. बघवत नाही अगदी.”

“अशांना देवाने लवकर सोडवावं. आपलं म्हणून सांगते, ती मुलगी तरी किती करणार.”

बोलता येत नाही त्याला ऐकूही येत नाही, असं लोक का धरून चालतात कोण जाणे. त्या गेल्यावर आईने तोंड भिंतीकडे केलं. त्या दिवसापासून तिने वाजवणं सोडलं. तहान लागली तरी वाजवेना. ताट पुढे केलं की दोन घास खायची, ताट काढलं की बघायचीसुद्धा नाही. खिडकीशी खुर्चीत बसवायला गेलं की अंग टाकून द्यायची. रस्त्यावरून कुणी बघेल ही तिची धास्ती होती. रोज व्यायाम द्यायला येणारी बाई स्वभावाने खमकी होती, पण तिनेही एक दिवस आवाजवालीला बाहेर बोलावलं.

“मी हात हलवीन हो, मन कसं हलवू?” ती म्हणाली. “यांनी स्वतः जोर लावला नाही तर उजवा हात गेल्यात जमा आहे. मग हळूहळू बसणं जाईल. एकदा बसणं गेलं की पुढचं मी सांगायला नको.”

आवाजवालीने ते ऐकलं आणि आत जाऊन भिंतीकडे वळलेल्या पाठीला सांगितलं, “आई, तुझ्या एका बोटाने अख्खं थिएटर किंचाळेल. मी रेकॉर्ड करून आणीन, तुझ्या कानाने ऐक.”

आईने मान वळवून तिच्याकडे बघितलं आणि अर्ध्या तोंडाने हसली. ढ मुलाच्या आईबापांशी बोलताना ती असं हसायची. पोरांच्या वह्यांवर ‘छान प्रयत्न’ लिहून लिहून तिचा कौतुकावरचा विश्वास केव्हाच उडाला होता. तिला नुसतं ‘लोकांना आवडलं’ म्हणून भागणार नव्हतं. पुरावा लागणार होता.

‘खालून’ला दुपारचा खेळ मिळाला. संध्याकाळचे सगळे खेळ एका मोठ्या सिनेमाने अडवले होते. त्याची पोस्टरं जिन्यापर्यंत लागली होती आणि ‘खालून’चं एकच, तेही स्वच्छतागृहाच्या दाराशेजारी. तरी थिएटर अर्ध्याच्या वर भरलं. आवाजवाली शेवटच्या रांगेत बसली आणि तिने रेकॉर्डरची लेव्हल, म्हणजे आवाज पकडायची ताकद, पार खाली आणली. किंचाळ्या एकदम येतील, आवाज फाटेल, आणि फाटलेला आवाज आईच्या गळी उतरणार नाही. ही चूक उमेदीची वर्षं आवाजात घातलेली बाईच करू जाणे. नवशिक्याने लेव्हल आपली मध्यावर ठेवली असती आणि सुखी झाला असता.

पुढे कॉलेजातल्या पोरांची टोळी होती, सिनेमाची टर उडवायचा बेत करून आलेली. मधल्या रांगेत एक म्हातारं जोडपं होतं. नवऱ्याला कमी ऐकू यायचं आणि बायको त्याला सगळं सांगत होती. एक गृहस्थ थंड हवेत झोप काढायला आला होता. त्याने बूट काढून पाय पसरले होते.

सुरुवातीला पोरांची चंगळ झाली. “अरे, टाकी आहे ही. तो बघ कोपऱ्यात नळ,” एक जण ओरडला आणि सगळे हसले. नळ खरंच दिसत होता. कप्तान बहिणीच्या शेजारी बसून नखं खात होता. त्याने तोंड ओंजळीत लपवलं. म्हातारी नवऱ्याला सांगत होती, “ती नर्स आहे. तो दीर. नाही, नवरा नव्हे, दीर.” कुणीतरी खोकलं. मग आणखी कुणीतरी. 

मग होडीवरच्या तिघांचं पाण्यावरून भांडण जुंपलं, आणि भांडणाच्या मध्येच खालून वाजलं. एकदाच. पुढच्या रांगेतला पोरगा काहीतरी विनोद सांगत होता, तो वाक्याच्या अर्ध्यावर राहिला. त्याचं उरलेलं वाक्य कुणालाच कधी ऐकायला मिळालं नाही. पुन्हा वाजलं. म्हाताऱ्याने विचारलं, “काय झालं?” बायकोने उत्तर दिलं नाही. “अगं, काय झालं?” त्याने पुन्हा विचारलं, आणि तिने पडद्यावरची नजर न काढता त्याच्या तोंडावर हात ठेवला. झोपलेला गृहस्थ जागा झाला होता. त्याने पाय आवरून खुर्चीवर घेतले होते, जणू खाली फरशीवर पाणी होतं.

आणि मग तो प्रसंग आला. दीर गेलेला, अनोळखी माणूस तापाने फणफणलेला. नर्स होडीच्या तळावर पालथी पडून कान लावते. खालून वाजतं. ती ऐकते. किती वेळ नुसती ऐकते. आणि मग मूठ उचलून वरून उत्तर देते, आपणही एकदा वाजवते. कप्तानाने हा प्रसंग लांबवला होता, लाज सोडून लांबवला होता, आणि संगीताचा एक सूर त्यात घातला नव्हता. आवाजवाली किंचाळीची वाट बघत होती. आता येईल, आता येईल. कुणी किंचाळलं नाही.

दिवे लागले तरी लोक उठेनात. मग एका कोपऱ्यात टाळी वाजली, दुसरीकडे वाजली, आणि बघता बघता सगळं थिएटर वाजवत होतं. बाहेरच्या जागेत कप्तानाला लोकांनी घेरलं.

“जनावर दाखवलं नाहीत ते फार बरं केलंत,” एक बाई त्याला म्हणाली. “माझ्या डोक्यात जे आलं, त्याच्याएवढं तुम्हाला दाखवता आलंच नसतं.”

“हो ना, आम्ही मुद्दामच,” कप्तान म्हणाला आणि बहिणीची नजर चुकवली.

टर उडवायला आलेल्यांपैकी एक जण घुटमळत पुढे आला. “सर, एका ठिकाणी नळ दिसतो.”

“माहितीये,” कप्तान पडेल आवाजात म्हणाला.

“पण नंतर मी तिकडे बघितलंच नाही. म्हणजे नळ होता, पण समुद्रच होता तो.” एवढं बोलून पोरगा लाजला आणि मित्रांत मिसळला.

झोपायला आलेला गृहस्थ शेवटी आला. त्याचा सूर तक्रारीचा होता. “मी झोपायला आलो होतो,” तो म्हणाला. “आता रात्रीही झोप यायची नाही.” आणि कप्तानाचा हात दोन्ही हातांत घेऊन हलवत राहिला. कप्तानाला आकाश ठेंगणं झालं होतं, आणि ते बघून आवाजवालीलाही भरून आलं. धाकटा होता, हट्टी होता, पण या पोराने टाकीत समुद्र आणला होता.

घरी येऊन तिने रेकॉर्डर संगणकाला जोडला तेव्हा मात्र तिचं तोंड पडलं. पडद्यावर नुसती सपाट रेघ. टाळ्यांचा एक उंचवटा शेवटी, बाकी काही नाही.

“ताई, लोक वेडे झालेत,” कप्तान फोनवर सांगत होता. “उद्याचा खेळ जवळजवळ भरलाय.”

“लोकांचं ठेव बाजूला. आईला मी काय ऐकवू? हवा?”

फोन ठेवला आणि तिला दुर्बुद्धी सुचली. तिच्या कपाटात किंचाळ्यांची काय वाण होती? बायकांच्या, पुरुषांच्या, पोरांच्या, गर्दीच्या, हव्या तितक्या किंचाळ्या वर्षानुवर्षं साठवलेल्या होत्या. तिने त्यातल्या चांगल्या निवडून आईच्या वाजवण्यानंतर बेताने पेरल्या, वर थिएटरचा थोडा घुमारा चढवला. काम असं बेमालूम झालं की तिचं तिलाच कौतुक वाटलं. संध्याकाळी तिने आईला उशांना टेकवून बसवलं आणि हेडफोन लावले.

आई ऐकत होती. एक किंचाळी झाली, दुसरी झाली. मग तिने डाव्या हाताने हेडफोन मानेवर ओढले आणि मुलीकडे बघितलं. नक्कल करताना पकडलेल्या पोराकडे बघायची ती नजर होती. तिला कसं कळलं देव जाणे. बहुतेक त्या किंचाळ्या फार वेळेवर येत होत्या. उत्तरं जशीच्या तशी जुळली की पेपर कुणाचा तरी बघून लिहिलाय हे जिने आयुष्यभर ओळखलं, तिच्यापुढे हे चाळे चालायचे नव्हते.

“चुकलं,” आवाजवाली म्हणाली. तिला रडू आलं. “कुणी किंचाळलंच नाही गं. मी वाट बघत बसले होते. खरं रेकॉर्डिंग आहे, पण त्यात काही नाहीये.”

आईने हेडफोनकडे बोट दाखवलं. लाव.

आवाजवालीने मूळ रेकॉर्डिंग लावलं आणि आवाज चढेल तितका चढवला. आधी नुसती सरसर. मग दुरून पोरांचं हसणं, म्हातारीचं ‘दीर, दीर’, खोकले. आईचा चेहरा कोरा होता. मग पहिलं वाजलं आणि पोराचा विनोद मध्येच तुटला. आईने डोळे मिटले. पुढे सरसरीखेरीज काही नव्हतं. कुणी खोकलं नाही, खुर्ची करकरली नाही, पिशवी वाजली नाही. नर्स होडीवर पालथी पडली, खालून वाजलं, आणि मग तो लांबलचक वेळ. एवढी माणसं एका जागी बसलेली, आणि श्वासही कुणी मोठ्याने घेत नव्हतं.

आवाजवाली आईकडे बघत होती, म्हणून तिला दिसलं. आईची मान ताठ होत गेली. वर्ग गप्प होतो तो दोन तऱ्हांनी: भीतीने चिडीचूप होतो तो एक, आणि पुढे काय म्हणून जीव कानांत गोळा करतो तो दुसरा. दुसरा क्वचित मिळतो, शिकवणाऱ्याला तो जन्मभर पुरतो. आवाजवालीला हे आईनेच कधीतरी सांगितलं होतं, बोलत होती तेव्हा. आईच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. तिने बोट वर केलं. पुन्हा.

तिने तो तुकडा पुन्हा ऐकला, आणि पुन्हा ऐकला. मग हेडफोन काढून कपाटाकडे हात केला. आवाजवालीने पांघरूण काढलं, आईने मान हलवली. औषध काढलं, तेही नाही. शेवटी आई वैतागली आणि तिने पलंगाच्या दांडीवर खणखणीत वाजवलं, कितीतरी दिवसांत पहिल्यांदा. तिला बाहेर जायचे कपडे हवे होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी थिएटरात चाकाची खुर्ची आत नेताना जे व्हायचं ते झालंच. लोक वळून बघायला लागले, कुणीतरी वाट देता देता ‘अरेरे’ म्हणालं, आणि आईचा जबडा घट्ट झाला. आता ती परत फिरवायला लावणार असं आवाजवालीला वाटलं. कप्तानाने काखेत हात घालून आईला कडेपासून दुसऱ्या खुर्चीवर बसवलं आणि तो मागे उभा राहिला. थिएटर भरलं होतं, दिग्दर्शकाला जागा नव्हती. आवाजवाली आईच्या डावीकडे बसली. उजवा हात घसरू नये म्हणून तिने तो खुर्चीच्या दांडीवर नीट ठेवला. दिवे गेल्यावर उजवीकडच्या कडेच्या खुर्चीत धावतपळत एक मुलगी येऊन बसली, अर्ध्या दिवसाची रजा टाकून कामावरून थेट आलेली असावी, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच होतं. तिने आईची चाकाची खुर्ची पाहिली नव्हती.

या खेळाला आवाजवालीने रेकॉर्डर आणला नव्हता. नळ दिसला तेव्हा काही जण हसले आणि पहिलं वाजल्यावर ते हसू विरलं, हे तिने कानाच्या कडेने ऐकलं. बाकी वेळ ती आईकडे बघत होती. आई पडद्याकडे बघत होती, आणि मधूनच पडद्यावरची नजर काढून अंधारातल्या लोकांकडे, वर्गावर फिरवावी तशी. नर्सने कान लावला. खालून वाजलं. सबंध थिएटर पुढे झुकलं, आणि आईच्या तोंडावर तिचं ते अर्धं हसू उमटलं ते शेवटपर्यंत पुसलं गेलं नाही.

दिवे लागले. टाळ्या चालू असताना आवाजवालीचं लक्ष गेलं आणि ती चरकली. शेजारच्या मुलीने आईचा उजवा हात दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. इतका घट्ट की मुलीची नखं पांढरी झाली होती. मुलीच्याही ते तेव्हाच ध्यानात आलं. तिने हात सोडला. आईच्या मनगटावर बोटांचे वळ होते.

“सॉरी आजी,” ती म्हणाली. “मला कळलंच नाही. खूप दुखलं असेल ना?”

आवाजवालीने नेहमीच्या सवयीने तोंड उघडलं. सांगायला, की आईला त्या हाताचं फारसं कळत नाही, की तिला झटका आलाय, बोलता येत नाही, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. आईने डावा हात तिच्या गुडघ्यावर दाबून तिला अडवलं. 

मुलगी बोलतच होती. “मी मध्येच उठून जाणार होते, खरंच. मला नाही झेपत असलं. पण तुमचा हात धरला आणि तुम्ही जराही हलला नाहीत. मी एवढी ओढत होते, तरी हात जागचा हलला नाही. म्हटलं, या आजी बघा कशा बसल्यात. त्यांना भीती वाटत नाही तर आपण कशाला घाबरायचं. तुमच्यामुळे शेवटपर्यंत बसले.”

आईने तिच्याकडे बघितलं, बराच वेळ. मग डावा हात अंगावरून पलीकडे नेऊन तिने मुलीच्या गालावर थोपटलं, एकदा, दोनदा. मुलगी हसली, पर्स उचलून निघाली आणि गर्दीत गेली. मागे उभा असलेला कप्तान उगाच पायांकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यायामवाली आली तेव्हा आई भिंतीकडे तोंड करून पडली नव्हती. ती उशांना टेकून बसून वाट बघत होती. व्यायामवालीने बॅग ठेवायच्या आत आईने डाव्या हाताने आपला उजवा हात उचलला, मनगटावरच्या पुसट वळांसकट, आणि तिच्यापुढे धरला.